मांजर बघायला आलेल्या बाई

मिस्त्री लिफ्टा दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत दोरांच्या भरवशावर उभा राहून काम करणारा माणूस. पण पोरीच्या हट्टापुढे त्याची मात्रा चालायची नाही. पोरीला सगळे ठकी म्हणायचे. तिची आई नर्स होती आणि करारावर दुसऱ्या देशातल्या इस्पितळात गेली होती. ती गेल्यापासून ठकीने एकच धोशा लावला होता, मांजर पाहिजे. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बाप-लेक प्राण्यांच्या निवाऱ्यात गेले आणि राखाडी रंगाची, शेपटीला मधेच काटकोनात बाक असलेली एक मोठी मांजर घेऊन आले.

निवाऱ्यातल्या मुलीने बजावून सांगितलं होतं. सगळं घर एकदम दाखवू नका. एक लहान खोली द्या, लपायला आडोसा द्या, खाणं-पाणी ठेवा आणि वाट बघा. "आपण तिला पाळलंय हे तिला अजून माहीत नाही," ती म्हणाली होती. "तिच्या लेखी तिला कुणीतरी पळवून आणलंय."

म्हणून अडगळीची खोली रिकामी झाली. जुनी सूटकेस उघडी ठेवून तीत मिस्त्रीचा न धुतलेला स्वेटर घातला, म्हणजे घरच्या माणसाच्या वासाची सवय होईल. मांजरीने सूटकेसकडे ढुंकून पाहिलं नाही. ती थेट कपाटामागच्या फटीत गेली आणि तिथून हिरवे डोळे लावून बसली.

"हिचं नाव काय ठेवायचं?" मिस्त्रीने विचारलं.

"वाघाची मावशी ना ती? मग नावाने कशी हाक मारायची?" ठकी म्हणाली. "मावशीच म्हणायचं."

कामावर ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्याच्या जोडीदाराने दुसऱ्याच दिवशी मोटरच्या खोलीत विषय काढला. "मिस्त्री, वहिनी तिकडे आणि मावशी घरात, हा काय प्रकार?"

"मांजर आहे रे. कालपासून कपाटामागे तोंड लपवून बसलीय, खात नाही, पीत नाही, बोलावलं तर फिस्कारते."

"म्हणजे सासरकडचीच आहे," जोडीदार म्हणाला.

पण ठकीने चिकाटी सोडली नाही. शाळेतून आली की ती अडगळीच्या खोलीत जमिनीवर बसायची आणि कपाटाकडे न बघता मोठ्याने धडा वाचायची. हळूहळू फटीतून एक पंजा दिसू लागला, मग मिशा, मग एक दिवस मावशी बाहेर आली आणि पुस्तकाच्या कोपऱ्याला गाल घासून गेली. ठकीने बापाला ही गोष्ट इतक्या दबक्या आवाजात सांगितली, जणू घरात बाळ झोपलंय. त्या आठवड्यात मावशीने तिच्या बोटावरचं उकडलेलं अंडं चाटून खाल्लं. मिस्त्रीला वाटलं, झालं, आता रुळली.

आणि मग बाई आल्या.

संध्याकाळी बेल वाजली. दारात एक उंच, काटक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. केस चापूनचोपून बांधलेले, कपड्यांना एक सुरकुती नाही, आणि अंगाला लवंगेच्या तेलाचा मंद वास.

"मांजर बघायला आलेय," त्या म्हणाल्या. "रुळली का?"

"निवाऱ्यातून ना? या की."

बाई हसल्या आणि आत आल्या. चपला काढून भिंतीला अगदी समांतर ठेवल्या. मिस्त्रीने त्यांना अडगळीच्या खोलीकडे नेलं. ठकी तिथे वाचत बसली होती आणि मावशी तिच्या मांडीशी टेकून पंजा चाटत होती. बाई उंबऱ्यात थांबल्या. नुसत्या उभ्या राहिल्या.

मावशीचा पंजा हवेतच थांबला. ती पळाली नाही, फिस्कारलीही नाही. पोट जमिनीला चिकटवून, कान मागे पाडून ती होती तिथेच सपाट झाली. डोळे उघडे होते पण ती कुठेच बघत नव्हती. तिच्या खाली फरशीवर ओल पसरत गेली.

"अगंबाई, मावशीने शू केली," ठकी म्हणाली.

"करते ती असं. सुरुवातीला," बाई शांतपणे म्हणाल्या.

मिस्त्रीला वाटलं, नव्या मांजरांबद्दल सांगताहेत.

त्यानंतर बाई येत राहिल्या. कधी दोन दिवसांनी, कधी रोज. खिडक्यांच्या जाळ्या हलवून बघायच्या, खाण्याची वाटी कुठे असावी ते सांगायच्या. हात कामाला वाकडा नव्हता त्यांचा. बोलता बोलता ओट्यावरचा पसारा आवरायच्या, ठकीचं दप्तर लावून द्यायच्या. मिस्त्रीला बरंच वाटलं. एकट्या बापाच्या घराला जो एक पसरट, विस्कटलेला वास येतो, तो जाऊन घर पुन्हा घरासारखं दिसू लागलं. मांजर मात्र पुन्हा कपाटामागे गेली होती. बाई म्हणायच्या, "लाड झाले की जनावर बिघडतं. तुम्ही माझ्यावर सोडा."

शेजारच्या काकू आजवर शाळा सुटल्यावर ठकीला सांभाळायच्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि नेमकं त्याच वेळी मिस्त्रीच्या कंपनीने जुन्या इस्पितळाच्या लिफ्टांचं काम घेतलं. घरी यायला उशीर होऊ लागला. त्याने ही अडचण बाईंना मुद्दाम सांगितली नाही, पण चहा पिता पिता तोंडून निघून गेली.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "मी येत जाईन. एक किल्ली देऊन ठेवा."

त्याने दिली. पैशाचं विचारलं तर त्यांनी हात हलवून विषय संपवला.

घर आणखी शिस्तीत आलं. ठकीचं अक्षर सुधारलं. ती ताटातलं सगळं संपवू लागली. रात्री गोष्ट सांग म्हणून मागे लागणं बंद झालं. बाप दमून यायचा. त्याला वाटलं, पोर मोठी होतेय. फक्त एकदा, तो सोफ्यावर बसलेला असताना ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी बसू का?"

"बस की. विचारतेस काय, आपलं घर आहे की दवाखाना?"

ती बसली. सोफ्याच्या कडेवर, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

त्या रविवारी दुपारी आईचा फोन आला, नेहमीसारखा चित्रासकट. बाईही घरात होत्या. अलीकडे रविवारीही यायच्या. त्या खिडकीपाशी खुर्चीत विणत बसल्या होत्या. ठकी फोनसमोर बसून बोलली. शाळा छान चाललीय. हो, जेवते. नाही, त्रास देत नाही. मग मिस्त्रीने फोन घेतला तशी बायको म्हणाली, "जरा स्वयंपाकघरात जा."

तो गेला.

"खोलीत कोण आहे?"

"निवाऱ्यातल्या बाई. सांगितलं नव्हतं का तुला?"

"मी एकेक प्रश्न विचारत होते आणि ही प्रत्येक उत्तराआधी फोनच्या बाजूला बघत होती. माझ्याकडे नाही, बाजूला. मग उत्तर देत होती." बायकोचा आवाज खाली आला. "माझ्या वॉर्डात अशी माणसं येतात रे. कुठे लागलं विचारलं की आधी सोबत आलेल्याकडे बघतात."

"तुझं आपलं काहीतरीच. सगळीकडे तुला पेशंटच दिसतात."

"असेल. पण एका मांजरासाठी कुठला निवारा रोज माणूस पाठवतो, एवढं मला सांग."

तो चिडला. फोन ठेवून बाहेर आला तेव्हा बाईंची सुई थांबलेली होती. त्यांनी मान वर केली, हसल्या आणि पुन्हा विणू लागल्या.

मंगळवारी सकाळी मावशीने पाण्यालाही तोंड लावलं नाही. तिच्या अंगाची नुसती हाडं झाली होती. मिस्त्रीने कामावर निरोप दिला की दुपारी लवकर निघतो. तीनच्या सुमाराला घरी येऊन तिला जाड टॉवेलात गुंडाळलं, टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. ठकीची शाळा सुटायची वेळ झालीच होती. बाई तिला घेऊन घरी येतील, ही त्याची खात्री होती. तेवढ्यासाठी त्याने निश्चिंतीचा सुस्काराही टाकला.

डॉक्टर हा जाडजूड, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याने मावशीचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, मग बराच वेळ शेपटीच्या बाकावरून बोट फिरवत राहिला.

"हे कसं झालं?"

"आली तेव्हापासून आहे. दारात सापडली असेल."

"दारात सापडली तर हाड चेंगरतं. हे चेंगरलेलं नाही, पिळलेलं आहे. कुणीतरी धरून हळूहळू पिळलंय." डॉक्टरने हात पुसले. "आजार काही नाही हिला. ही घाबरलीय. इतकी की खाणं बंद झालंय. घरात काय बदललंय?"

"निवाऱ्यातल्या बाई येतात," मिस्त्री म्हणाला. डॉक्टरच्या ओसरीवरच उभं राहून त्याने निवाऱ्याला फोन लावला. तीच मुलगी होती.

"आमच्याकडून?" ती म्हणाली. "आम्ही कुणालाच पाठवत नाही हो. आम्ही इथे तीन माणसं आहोत, पिंजरे धुवायला पुरत नाही."

"उंच आहेत. केस घट्ट बांधलेले. अंगाला लवंगेच्या तेलाचा वास येतो."

पलीकडे कुत्री भुंकत होती.

"तुम्ही मांजर नेलीत त्या दिवशी ती बाई फाटकात होती," मुलगी म्हणाली. "मी हाकलली तिला. तुम्ही पत्ता सांगत होता तो तिने ऐकला असणार. ही मांजर तिच्याच घरातून आणलीय आम्ही. शेजाऱ्यांनी बोलावलं होतं."

"काय करायची ती मांजरीला?"

"आम्ही गेलो ना, तेव्हा मांजर खोलीच्या मधोमध बसली होती. दार उघडं होतं, खिडकी उघडी होती, कुणी बांधलेलं नव्हतं. तरी ती हलत नव्हती. हलायचं नाही हे तिला शिकवलं होतं." मुलगी म्हणाली. "आणि एकटी मांजरच नव्हती त्या घरात. त्या बाईची भाची होती, सांभाळायला ठेवलेली. लहान पोरगी. तिला तिची आई येऊन घेऊन गेली."

मिस्त्री टोपली उचलून पळत सुटला. रिक्षा, बस, कशासाठीही थांबायला त्याला सवड नव्हती. वाटेत दोनदा घरी फोन केला, वाजत राहिला. टोपलीत मावशी आवाजही करत नव्हती. इमारतीच्या दाराशी पोचला तेव्हा लिफ्ट वर अडकलेली. ज्याने शेकडो लिफ्टा चालत्या केल्या, तो माणूस जिने चढत वर गेला.

किल्ली फिरली पण दार उघडलं नाही. आतून कडी होती.

त्याने दार वाजवलं. मग हाताच्या मुठीने बडवलं.

"आले," आतून आवाज आला. नेहमीसारखाच, ना घाई, ना दचक. पावलं आली, थांबली. कडी निघाली. बाई दारात होत्या, हातात विणकाम.

"ठकी कुठाय?"

"आहे की. अभ्यास चाललाय."

तो त्यांना बाजूला सारून आत गेला. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. अडगळीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि खोलीच्या मधोमध ठकी उभी होती. शाळेच्याच कपड्यांत, पाय जुळवलेले, हात दोन्ही बाजूंना. तिला कुणी धरलेलं नव्हतं, बांधलेलं नव्हतं. डोळे उघडे होते पण ती कुठेच बघत नव्हती.

"ठके," तो म्हणाला.

ती हलली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हा तिची नजर त्याच्याकडे न येता त्याच्या खांद्यावरून मागे गेली, बाईंकडे.

"हां, जा," बाई म्हणाल्या.

मग ती चालत आली. धावत नाही, चालत. मिस्त्रीने तिला एका हाताने उचलून घेतलं. दुसऱ्या हातात टोपली होती. पोरीचं अंग लाकडासारखं लागलं.

"तुम्ही निवाऱ्यातल्या नाही," तो म्हणाला. आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, त्याला कळेना.

"मी कधी म्हटलं, मी निवाऱ्यातली आहे? तुम्ही म्हणालात." बाई लोकरीचा गुंडा पिशवीत ठेवत होत्या. "मी आपली मांजर बघायला आले होते. माझी आहे ती. चांगलं वळण लावलेली होती, तुम्ही लोकांनी पार बिघडवून ठेवलीत. आणली आहे का टोपलीत? द्या इकडे."

"किल्ली ठेवा आणि चालत्या व्हा."

"ओरडू नका. मुलीला ओरडण्याची सवय नको." त्यांनी पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली, टेबलाच्या कडेला समांतर. "आणि माझ्यावर काही बालंट आणाल तर आधी तिचं अंग नीट बघून घ्या. एक ओरखडा सापडणार नाही. मी मुलांना हात लावत नाही."

चपला घालून, दार अलगद ओढून त्या गेल्या. जिन्यावरून पावलं उतरत गेली, एका लयीत.

मिस्त्रीने त्याच संध्याकाळी कुलूप बदललं आणि ठकीला कडेवर घेऊन पोलीस चौकीत गेला. तिथल्या साहेबाने सगळं ऐकून घेतलं. वळ नाही, चोरी नाही, किल्ली तुम्हीच दिलेली, असं म्हणाला. पण माणूस भला होता, दुसऱ्या दिवशी निवाऱ्यातून बाईंचा पत्ता घेऊन स्वतः तिथे जाऊन आला. खोली रिकामी होती. फरशी धुऊन पुसून लख्ख. कुठे गेल्या, कुणाला माहीत नव्हतं.

बायकोने फोनवर त्याला बोल लावला नाही. ती नुसती रडली आणि मग, मी परत यायची व्यवस्था करते, म्हणाली. त्याला ते बोल लावण्यापेक्षा जड गेलं.

त्याने रजा घेतली. ठकी शहाण्यासारखी वागत होती. बसू का, उठू का, पाणी पिऊ का. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, अगं विचारू नकोस. आणि ती म्हणायची, बरं. आणि पुन्हा विचारायची. दारावर थाप पडली की दोघी, पोर आणि मांजर, एकाच क्षणी गप्प व्हायच्या. बाईंनी काय केलं हे तिने एवढंच सांगितलं की त्या विणत बसायच्या आणि ती उभी असायची, आणि हललं तर काही करायच्या नाहीत, नुसतं पहिल्यापासून सुरू करायला सांगायच्या. "आणि बाबाला सांगितलंस तर मावशीची राहिलेली शेपटीपण," एवढं म्हणून ती थांबली.

मग एक दिवस एका अनोळखी बाईचा फोन आला. निवाऱ्यातल्या मुलीकडून तिने नंबर घेतला होता.

"मी तिची धाकटी बहीण," ती म्हणाली. "तुमच्या मुलीला उभं करायची ना?"

मिस्त्री ठकीपासून दूर, बाल्कनीत गेला. "तुम्हाला माहीत होतं, तर तुमची मुलगी ठेवलीत कशी तिच्याकडे?"

"मला वाटलं, मी लहान होते तेव्हाची गोष्ट, वय झालं, बदलली असेल." ती म्हणाली. "आई-वडील कामाला जायचे आणि ती मला सांभाळायची. सगळे म्हणायचे, किती गुणी मुली. मी अजून कुणाच्या घरी गेले तर बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. चाळिशी उलटली माझी."

"तुमची मुलगी कशी आहे?"

"विचारते अजून. कमी झालंय. एक सांगते तुम्हाला, त्यासाठीच फोन केला. समजुतीने वागतेय तोवर काळजी करा. एक दिवस ती तुमच्यावर ओरडेल. कशावरून तरी, क्षुल्लक कारणावरून. त्या दिवशी तिला गप्प करू नका."

"आणि ती? तुमची बहीण कुठे आहे आता?"

"कुठेतरी मांजर बघत असेल," ती बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मिस्त्री कामावर परत गेला. काकूही परत आल्या होत्या. सगळं कळल्यावर त्यांनी ठकीला असं काही पोटाशी धरलं की पोरीला श्वास घेता येईना. पण मिस्त्रीला आता एक खोड लागली. कुठल्याही इमारतीत लिफ्टचं दार उघडलं की तो आधी आत कोण आहे ते बघायचा, मग बिघाड. बाजारात, बसमध्ये लवंगेचा वास आला की मान आपोआप वळायची. जोडीदार आता मावशीवरून थट्टा करत नव्हता.

मावशी खाऊ लागली होती, पण खोलीच्या मधल्या जागेतून जायची नाही. भिंतीभिंतीने जायची.

एका सकाळी शाळेची घाई होती. मिस्त्री ठकीचे मोजे घेऊन आला, तर ती म्हणाली, "हे नको. टोचतात."

"दुसरे ओले आहेत. आजच्या दिवस घाल."

"नाही घालणार."

"ठके, उशीर होतोय."

"नाही घालणार, नाही घालणार, नाही घालणार!" तिने मोजा भिरकावला. मग बूट भिरकावला. तो दारावर आपटला. तिचं तोंड लाल झालं, मुठी वळल्या, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मोज्यांसाठी नव्हता. ती जमिनीवर बसली, कुणाला न विचारता, आणि टाचा आपटत, घसा फोडून ओरडत राहिली. बाबा वाईट आहे. बाबाने किल्ली दिली. बाबाला काही दिसत नाही. मावशी कपाटावर चढून बसली होती आणि शेपटीचा बाक सोडून बाकी सगळं अंग फुगवून बघत होती.

मिस्त्री तिच्यासमोर खाली बसला. त्याने काही म्हटलं नाही, तिचा हातही धरला नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर काठी आपटली. समोरचं दार उघडलं आणि काकू विचारत आल्या, काय झालं, एवढी का रडतेय?

"काही नाही काकू," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा चेहरा ओला झाला होता. "दार उघडंच राहू द्या. ऐकू दे सगळ्यांना."